आवाज बदकांचा, हक्क शेजाऱ्याचा



शेजाऱ्यांविषयीची पत्रे आमच्याकडे नेहमीच येतात. कुणाची पाण्याची मोटर, कुणाच्या जिन्यातल्या चपला, कुणाच्या लग्नातला डीजे. या महिन्यात चिपळूणच्या एका भगिनीने पत्र लिहिले आहे ते बदकांबद्दल. विषय वरवर हसण्यासारखा वाटेल, पण पत्र वाचून आम्हाला हसू आले नाही.

भगिनीचे पती कुवेतला नोकरीला आहेत. घरी त्या, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी मुलाने हट्ट केला म्हणून आठवडी बाजारातून बदकांची पिल्ले आणली. आज परसात पाच मोठी बदके आहेत. मुलाने प्रत्येकाला नाव ठेवले आहे. अंडी घरी पुरून उरतात, चार पैसेही मिळतात. अडचण भिंतीपलीकडे आहे. शेजारच्या काकांना पक्षाघात झालेला. रात्र सगळी तळमळत जाते आणि पहाटे कुठे डोळा लागतो. नेमकी तेव्हाच, साडेचारच्या सुमारास, बदकांची ओरड सुरू होते. काकूंनी दोनदा येऊन सांगितले. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत, त्यांनी बोलणेच सोडले. आता त्यांचा मुलगा नगरपरिषदेत अर्ज देणार असल्याचे कानावर आले आहे.

याच काकूंच्या माडीवर जुलै 2021 च्या पुरात या भगिनीचे सगळे कुटुंब दोन रात्री राहिले होते. वाशिष्ठीचे पाणी खालच्या घरात छातीपर्यंत होते आणि वर काकू चूल पेटवून सगळ्यांना पेज करून वाढत होत्या. भगिनी लिहितात, "सासूबाई म्हणतात, मुके जनावर आहे, ओरडणारच. गल्लीतली पोरे म्हणतात, आपणही त्यांचे किती आवाज ऐकतो. माझ्या मनाला मात्र चैन नाही. बदके ठेवू की शेजार ठेवू?"

उत्तर जरा लांबेल. आधी मनाचे बोलू, मग बदकांचे, मग कायद्याचे.

तक्रार खरी माना

पहिली गोष्ट ही की काकूंची तक्रार खरी आहे. आपल्या घरातला आवाज आपल्याला टोचत नाही, कारण त्यामागचा जीव आपल्या ओळखीचा असतो. आपले मूल रडले तर काळजी वाटते, दुसऱ्याचे रडले तर कटकट वाटते. बदकांचेही तसेच. शिवाय सतत चालणाऱ्या आवाजाची कानाला सवय होते. पंख्याच्या घरघरीत माणूस झोपतो. मधेच फुटणारा, कधी येईल याचा भरवसा नसलेला आवाज मात्र झोप मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शनात झोपण्याच्या खोलीतला सततचा आवाज 30 डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. पहाटेच्या शांततेत आठ-दहा फुटांवर ओरडणाऱ्या बदकाचा आवाज याच्या कितीतरी वर जातो. आजारी माणसाला त्याची झोप पुन्हा मिळत नाही.

"मुके जनावर आहे" हे सासूबाईंचे म्हणणे बदकाच्या बाजूने बरोबर आहे. बदकाचा त्यात दोष नाही. पण बदक स्वतःहून त्या परसात आले नाही, आपण आणले. म्हणून जबाबदारी आपल्याकडे येते.

आणि गल्लीतल्या पोरांना भगिनीने आजच, शांतपणे पण स्पष्ट शब्दांत थांबवावे. ही दोन घरांची गोष्ट आहे, तिला दोन समाजांची करू नये. तुमचा आवाज विरुद्ध आमचा आवाज, असा हिशेब एकदा सुरू झाला की तो मिटवायला पुढे कुणीच येत नाही. कुरआनात सूरह निसाच्या 36 व्या आयतीत ज्यांच्याशी भलाईने वागायचे त्यांत नात्यातला शेजारीही आहे आणि परका शेजारीही. शेजाऱ्याचा हक्क देताना त्याचे नाव-गाव विचारायचे नसते. आणि पुराच्या रात्री काकूंनीही ते विचारले नव्हते.

ओरडते कोण, ते आधी पाहा

आता बदकांकडे येऊ. बदकांच्या बहुतेक जातींत मोठ्याने ओरडते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका, घसा बसलेल्या माणसासारखा. पिल्ले लहान असताना सगळीच चिवचिवतात. साधारण दीड-दोन महिन्यांची झाली की आवाज फुटतो आणि नर-मादी कानाला वेगळे कळू लागतात. डोळ्यांनी ओळखायचे तर मोठ्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली, कुरळी दिसतात. मादीला ती नसतात.

तेव्हा भगिनीने मुलाला सोबत घेऊन पाचांपैकी नर किती, माद्या किती हे आधी पाहावे. मग दोन-तीन दिवस पहाटे उठून ओरड कोण सुरू करते ते बघावे. बहुतेक वेळा एखादीच मादी आरंभ करते आणि बाकीच्या तिला साथ देतात. एका वहीत वेळ लिहावी, किती वेळ चालले ते लिहावे आणि त्या वेळी काय घडत होते तेही लिहावे. कुत्रा भुंकला का, दिवा लागला का, दार वाजले का. चार दिवसांच्या नोंदीतून जे कळते ते चार महिन्यांच्या वादातून कळत नाही.

का ओरडतात?

बदके उगाच ओरडत नाहीत. कारणे मोजकीच असतात.

पहिले कारण भूक, आणि त्याहून जास्त लागलेली सवय. बदक ओरडले की आपण गप्प करायला मूठभर भात टाकतो. बदक यातून एवढेच शिकते की ओरडले की भात मिळतो. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर आणि आणखी मोठ्याने ओरडते. ही सवय आपण लावलेली असते आणि मोडायचीही आपणच. ओरड चालू असताना काहीही घालू नये. गप्प झाली की घालावे आणि रोज ठरलेल्या वेळीच घालावे. पहिले आठ दिवस ओरड वाढेल, कारण जुना उपाय का चालत नाही हे त्यांना कळत नसते. तिथे धीर सोडला तर सगळे पाण्यात. पंधरा दिवस तरी नेटाने करावे लागते.

दुसरे कारण भीती. मुंगूस, बोका, मोकाट कुत्रे, घूस यांपैकी काहीही खुराड्याभोवती फिरले की बदके कल्ला करतात. बदकांची झोप फार सावध असते. कळपाच्या कडेला झोपणारे बदक एक डोळा उघडा ठेवून झोपते, हे शास्त्रज्ञांनी तपासलेले आहे. खुराड्याच्या जाळीला भोक असेल, दाराची कडी सैल असेल तर रात्रभर त्यांचा जीव टांगलेला राहतो. बंदोबस्त पक्का केला की रात्रीची ओरड बरीच कमी होते.

तिसरे कारण एकटेपणा. बदक कळपाचा पक्षी आहे. एकटे ठेवले, किंवा एकाला बाजूला बांधले, तर ते साथीदाराला हाका मारत राहते. म्हणून "जास्त ओरडते ते एकटे ठेवू" हा उपाय उलटा पडतो.

चौथे कारण उजेड. फटीतून तांबडे फुटलेले दिसले की त्यांचा दिवस सुरू होतो. अंगणातला बल्ब रात्रभर जळत असेल किंवा फजरसाठी उठल्यावर परसातला दिवा लावला जात असेल, तर बदकांना वाटते सकाळ झाली, आता दार उघडेल. साडेचारची वेळ वाचून आम्हाला आधी याच दिव्याची शंका आली. भगिनीने आठवडाभर परसातला दिवा न लावता पाहावे. वजूसाठी लागणारा उजेड आतल्या मोरीतून मिळत असेल तर तेवढाच पुरे.

पाचवे कारण नर-माद्यांचे प्रमाण. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. पाचांत दोन-तीन नर असतील तर ते माद्यांच्या मागे लागतात, माद्या पळतात, ओरडतात आणि जखमीही होतात. नुसते नरच एकत्र ठेवले तर मात्र ते सहसा गुण्यागोविंदाने राहतात.

खुराडे कसे असावे?

पत्रातून दिसते की खुराडे काकूंच्या भिंतीलाच टेकून आहे. ते तिथून हलवावे, हे पहिले काम. परसाच्या दुसऱ्या टोकाला, शेजारच्या झोपण्याच्या खोलीपासून जितके दूर तितके बरे. तोंड आपल्या घराकडे असावे. आवाजाचा त्रास व्हायचाच असेल तर तो आधी आपल्याला होऊ द्यावा.

नुसत्या पत्र्याच्या खुराड्यात आवाज घुमतो आणि कोकणच्या पावसात पत्र्याचा ताशा वेगळाच. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत आवाज चांगला अडवते. चिरे नसतील तर लाकडी फळ्यांच्या दोन थरांत भाताचे तूस भरूनही काम भागते. तळाला जाड पेंढा किंवा तूस घालावे. एका बदकाला चार चौरस फूट जागा धरली तर पाचांना वीस फूट लागतात, म्हणजे पाच बाय चारची खोली. हवा खेळायला वरच्या बाजूला जाळी हवीच, कारण कोंडलेल्या दमट हवेत बदके आजारी पडतात. पण जाळीसमोर छज्जा किंवा पडदा असा असावा की हवा येईल आणि पहाटेचा उजेड थेट आत पडणार नाही.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत पोटभर खायला घालून त्यांना आत घ्यावे. रात्री खाद्य काढून घ्यावे, पाणी मात्र ठेवावे. भांडे चोच आणि डोके बुडेल एवढे खोल, पण अंग बुडणार नाही अशा तोंडाचे असावे, म्हणजे आत चिखल होत नाही. सकाळी दार उघडायची घाई करू नये. बहुतेक बदके पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत अंडी घालतात. तोवर आत ठेवली तर अंडी परसभर शोधावी लागत नाहीत आणि बाहेरचा गोंधळही उशिरा सुरू होतो. दोन्ही घरांचा फायदा.

एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. तक्रार आवाजाची असते, पण तिच्या पोटात वासाची आणि डासांची तक्रार दडलेली असते. माणूस वासाबद्दल बोलायला लाजतो, आवाजाबद्दल बोलतो. घमेल्यातले पाणी रोज बदलावे आणि जुने पाणी केळी-नारळीच्या बुंध्याशी ओतावे, त्याचे उत्तम खत होते. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर लागतो. पाणी रोज बदलणाऱ्याच्या घरी त्याला तेवढी सवड मिळत नाही. ओला पेंढा काढून कोरडा घालत राहावे.

बर्ड फ्लूची भीतीही कुणाच्या मनात असेल तर तिला हसू नये. भारतातली या रोगाची पहिली मोठी साथ फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आली होती. बदके कधीकधी स्वतः आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकतात. म्हणून पक्षी अचानक मरू लागले तर उकिरड्यावर न टाकता लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मुलाने बदकांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, ही शिस्त रोजची.

कोणती बदके ठेवावीत?

ज्यांना अंडी हवी आहेत त्यांना बाजारात बहुधा खाकी कॅम्पबेल सुचवतात. इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या आरंभी तयार झालेली ही जात चांगली निगा असेल तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. अंडेही कोंबडीच्या अंड्याहून मोठे. पण तिच्या माद्या बोलक्या. पांढरी पेकिन मांसासाठी चांगली, तिच्याही माद्यांचा आवाज दणदणीत. चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असलेले मस्कव्ही बदक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्याचा नर फक्त फुत्कारतो आणि मादी हळू किणकिणते. दाट वस्तीत ठेवायचेच तर हे बरे. मात्र त्याला उडता येते आणि त्याची अंडी उबायला 35 दिवस लागतात. इतर बदकांची 28 दिवसांत फुटतात.

पाणथळ जागेतली रानबदके, म्हणजे अडई, हळदीकुंकू बदक वगैरे, पकडून पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पोरांनी हौसेने पिल्लू आणले तर ते समजावून परत सोडायला लावावे.

भगिनीच्या प्रश्नाला बदके की शेजार अशा दोनच वाटा नाहीत, तिसरीही आहे. माद्या गावाकडच्या एखाद्या नातलगाला द्याव्यात, ज्यांच्याकडे शेत आहे, पाण्याचा ओहोळ आहे. नर दोन किंवा अधिक असतील तर ते मुलाजवळ राहू द्यावेत. अंडी बंद होतील, हे खरे. पण मुलाचे सवंगडी राहतील आणि काकांची पहाटही राहील. पाचही माद्या निघाल्या तर गावाकडे सोय होऊ शकते का, हे आतापासून विचारून ठेवावे.

काकूंकडे कसे जावे?

हे सगळे करण्याआधी काकूंकडे जाऊन यावे. उपाय पूर्ण झाल्यावर जाऊ असे म्हणत थांबू नये, कारण अर्ज त्याआधी गेला तर मग बोलणे कठीण होते.

जाताना काही नेऊ नये. आपल्याकडे रिकाम्या हाताने जायची रीत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी या वेळी रिकाम्या हातानेच जावे. ताटली पुढे केली की समोरच्याला मनातले बोलता येत नाही. तो "काही नाही हो, चालायचेच" म्हणतो आणि दुखणे आत राहते. अंडी तर मुळीच नेऊ नयेत. काकूंच्या घरी ती चालतात की नाही हा एक प्रश्न, आणि ज्या पक्ष्यांनी झोप मोडली त्यांचीच अंडी हातावर ठेवणे हा दुसरा.

मुलाला घरी ठेवावे, म्हणजे काकूंना त्याच्याकडे बघून शब्द गिळावे लागणार नाहीत. आधी काकांची विचारपूस करावी. मग सरळ म्हणावे, "काकू, तुम्ही दोनदा सांगितलेत. आम्ही वेळेवर काही केले नाही. काकांना झोप कधी लागते ते सांगा, त्याप्रमाणे आम्ही बदल करतो." एवढे बोलून ऐकत राहावे. मध्ये "पण" आणू नये. पण लहान मूल आहे, पण जनावर आहे, पण पुराच्या वेळी आपण सगळे एक होतो. यातला शेवटचा "पण" सगळ्यांत वाईट. उपकार ज्याने केला तो त्याची आठवण काढू शकतो. ज्याने घेतला त्याने तो ढालीसारखा पुढे धरू नये.

मग मुदत ठरवावी. "खुराडे या आठवड्यात हलवतो. एक महिना बघा. तुम्हाला फरक वाटला नाही तर माद्या गावाला पाठवतो." आणि निकाल काकूंवरच सोडावा. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नये, ते अंदाजापुरतेच असते. काकांना झोप लागली की नाही, हेच आपले माप. आठ दिवसांनी आपण होऊन विचारायला जावे. दुसऱ्यांदा सांगायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये.

शेजाऱ्यांनाही दोन शब्द

भिंतीच्या पलीकडे असलेले वाचकही आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी वेळेवर, एकट्याने आणि घरात जाऊन सांगावे. गल्लीत उभे राहून सांगितलेली तक्रार बरोबर असली तरी भांडण होते. त्रास कधी होतो ते नेमके सांगावे. "तुमची बदके सारखी ओरडतात" यापेक्षा "पहाटे साडेचार ते सहा" हे उपयोगाचे. आणि रागाच्या भरात पक्ष्यांवर दगड टाकणे, विष घालणे असले विचार मनात आणू नयेत. मुक्या जिवाचा त्यात अपराध नाही. कायद्यानेही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली, प्राण्याला विष घालून मारण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

कायदा काय म्हणतो?

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा सांगतात. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज झाला तर तक्रार करता येते. हे 10 लहान वाटतात, पण तेवढ्याने आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. आसपासच्या लोकांना होणारा उपद्रव भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये येतो. जनावरे पाळण्याबाबत नगरपरिषदेचे आणि गृहनिर्माण संस्थेचे आपले नियम असतात, ते आधीच विचारून घ्यावेत. दुसरीकडे, आवाज बंद व्हावा म्हणून पक्ष्याला हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घराघरात माहीत आहे, तेव्हा वेगळे सांगायला नको.

बदकांचा वाद न्यायालयात गेल्याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. तिथल्या लांद भागात सूस्तों नावाच्या गावी एका रहिवाशाकडे साठेक बदके आणि हंस होते. शहरातून नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली. नोव्हेंबर 2019 मध्ये दाक्सच्या न्यायालयाने आवाज सहन करण्याच्या मर्यादेत असल्याचे सांगून निकाल बदकांच्या बाजूने दिला. त्याआधी सप्टेंबरमध्ये ओलेरों बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्याचा खटलाही असाच सुटला होता. आरवणे चालूच राहिले आणि तक्रारदारांनाच 1000 युरो भरपाई द्यावी लागली. पुढे जानेवारी 2021 मध्ये फ्रान्सने गावाकडचे आवाज आणि वास हा ग्रामीण वारसा मानणारा कायदा केला.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, बदके जिंकली. आम्हाला त्यातून दुसरे काही दिसते. तिथे खेडे होते, मोकळी जागा होती आणि तक्रारदार नवा होता. चिपळूणच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे, काकू चाळीस वर्षांच्या रहिवासी आहेत आणि नवी आली आहेत ती बदके. शिवाय निकाल लागल्यावर दोन्ही पक्षकार आपापल्या घरीच परततात आणि ती घरे शेजारीशेजारीच असतात. न्यायालय आवाज किती चालेल ते सांगू शकते. बंद पडलेले बोलणे सुरू करून देऊ शकत नाही.

मुलाचे काय?

माद्या द्यायची वेळ आलीच तर मुलाला अंधारात ठेवू नये. तो शाळेत असताना टोपलीत घालून पाठवणे सोपे असते, पण त्याने मुलाचा विश्वास जातो. बदक हलाल आहे, खाण्यात काही गैर नाही. तरी मुलाने नाव ठेवलेला पक्षी त्याच्या नकळत कापून त्याच्याच ताटात वाढू नये. तळ्यात सोडून येणे तर दयेच्या नावाखाली निर्दयपणा. पाळीव पांढऱ्या बदकाला धड उडता येत नाही, खाणे शोधायची सवय नसते. दोन दिवसांत ते कुत्र्यांच्या तोंडी जाते.

हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर लहान होता. त्याच्याकडे एक इवलासा पक्षी होता. तो मेला तेव्हा मूल उदास बसले होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला त्या पक्ष्याबद्दल आपुलकीने विचारले. एवढ्या मोठ्या कामांच्या माणसाला लहान मुलाच्या पाखराचे दुःख क्षुल्लक वाटले नाही. आपल्यालाही वाटू नये. मुलाला काकांची अवस्था सांगावी. दहा वर्षांच्या मुलाला ती कळते. शक्य तर त्यानेच बदके गावी पोहोचवावीत, त्यांना ओहोळात शिरताना बघावे आणि सुट्टीत भेटायला जावे. आपल्या आवडीच्या गोष्टीचा दुसऱ्याच्या दुखण्यासाठी संकोच करणे हे तो यातून शिकेल. हा धडा पुस्तकातून देता येत नाही.

आणि इतर वाचकांसाठी

पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात पिल्लांच्या टोपल्या येतात. पिवळी, मऊ, तळहातावर मावणारी पिल्ले बघून मुले हात सोडत नाहीत. घ्यायला आमची हरकत नाही. जीव पाळणारे मूल जिवाची किंमत शिकते. फक्त पिल्लू घेण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. एक, दोन महिन्यांनी ते केवढे होईल आणि कसे ओरडेल ते विकणाऱ्याला विचारावे. दोन, खुराडे आधी बांधावे, पिल्लू मागाहून आणावे. तीन, शेजारचे दार वाजवावे आणि म्हणावे, "मुलगा बदके पाळू म्हणतो. तुम्हाला त्रास तर होणार नाही ना? झाला तर पहिल्याच दिवशी सांगा."

बहुतेक शेजारी "ठेवा की" म्हणतील. कुणी सांगेल, घरात आजारी माणूस आहे, या वर्षी नको. कुणी मुलीच्या बारावीचे वर्ष सांगेल. काहीही उत्तर आले तरी ते पिल्लू घरात येण्याआधी आलेले असते, म्हणून ते कुणालाच जड जात नाही.